‘बघू’ म्हणायची जागा

आमच्या कुर्डुवाडीच्या दुकानात गिऱ्हाईक सहसा ‘नको’ म्हणत नाही. ‘बघू’ म्हणतं. ‘राहू द्या आत्ता’, ‘घरी विचारते’, ‘पगार झाला की नेऊ’, ‘पुढच्या बाजाराला बघू’ असं म्हणतं आणि पिशवी उचलून निघतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, गेली सव्वीस वर्षं हे ऐकत आलेत. त्यांना प्रत्येक ‘बघू’चा अर्थ वेगळा कळतो. एखाद्या ‘बघू’त खिशात पैसे नसतात, एखाद्यात वस्तू पसंत नसते, एखाद्यात घरातल्या मोठ्यांची परवानगी अडलेली असते. पण ‘बघू’ कानावर पडलं की अण्णा बरणीचं झाकण लावतात. विषय संपला. त्यापुढं आग्रह करणं म्हणजे गिऱ्हाइकाचा अपमान, असं ते मानतात.

गेल्या उन्हाळ्यात मी पुण्यात दोन महिने इंटर्नशिप केली. मी एमबीए करते, विषय मार्केटिंग. घरात लागणाऱ्या वस्तू मोबाइलवर विकणारी एक कंपनी होती. ॲप मराठीत आणायचं चाललं होतं आणि टीममध्ये मराठी नीट लिहिणारी मी एकटीच, म्हणून बटणांवरचा मजकूर माझ्याकडे आला. पैसे भरायच्या आधी एक पान उघडायचं: महिन्याला ठरावीक रक्कम भरून सदस्य व्हा, घरपोच पोचवण्याचे पैसे लागणार नाहीत. खाली दोन पर्याय. मोठ्या हिरव्या बटणावर ‘हो, मला बचत करायची आहे’. त्याखाली करड्या रंगात, बारीक अक्षरांत दुसरी ओळ. त्या ओळीसाठी मी आधी ‘आत्ता नको’ लिहिलं होतं. ते परत आलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा परत आलं. शेवटी जे पसंत पडलं ते असं: ‘नको, मला जास्त पैसे द्यायला चालतील’.

दोन आठवड्यांनी आकडे आले. मराठीतून सदस्य होणारे वाढले होते. सगळ्यांनी कौतुक केलं आणि मलाही बरं वाटलं.

जूनच्या शेवटी घरी गेले. दुपारी आई उंबऱ्याशी बसून मिक्सरचं भांडं मागवत होती, त्याच ॲपवरून. ते पान उघडलं. आई मोबाइलवर वाचते तेव्हा तिचे ओठ हलतात आणि बोट अक्षरांखालून सरकतं. हिरवं बटण वाचून झालं, मग खालची ओळ. तिनं चष्मा वर केला. ‘असं कोण म्हणंल गं?’ म्हणाली आणि हिरवं बटण दाबलं.

तिला सदस्य व्हायचं नव्हतं. वर्षातून तीन-चारदा काही मागवते ती. पण आयुष्यभर ‘राहू दे आत्ता’ म्हणून सभ्यपणे नकार देत आलेल्या बाईला तिथं नकाराचं एकच वाक्य ठेवलेलं होतं, आणि ते तिच्या तोंडून निघण्यासारखं नव्हतं. ते वाक्य तिच्या लेकीनं लिहिलंय हे मी त्या दिवशी सांगितलं नाही. नंतर सांगितलं.

चंगळवादावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय आणि त्यातलं बरंचसं माणसाच्या हावरेपणावर येऊन थांबतं. माणसं हावरी झाली, पोरं उधळी झाली, गरज नसताना वस्तू घेतात. मला हे पटत नाही. आईच्या त्या दुपारीत हावरेपणा कुठं होता? माणसं होती तशीच आहेत. त्यांच्या आणि खरेदीच्या मधे जी थोडी जागा असायची, ज्या जागेत ‘बघू’ म्हणता यायचं, ती ठरवून, मोजून, पगारी माणसं लावून बुजवली जाते आहे. खिशातले पैसे जातात ते नंतर. आधी ही जागा जाते. आणि ती जागा हा ग्राहकाचा हक्क आहे, तो कायद्यानं राखला पाहिजे, असं मला ठामपणे म्हणायचं आहे.

आमच्या वर्गात एक शब्द रोज येतो: फ्रिक्शन. वस्तू मनात भरली तिथपासून पैसे कंपनीच्या खात्यात पडेपर्यंत वाटेत जे जे अडतं ते सगळं फ्रिक्शन. पत्ता लिहावा लागतो, कार्ड शोधावं लागतं, कुणाला तरी विचारावं लागतं. हे खडे एकेक करून उचलायचे, हे आमचं शिक्षण. एका ॲपमधले खरेदीचे टप्पे नऊवरून चारवर आणा, अशी असाइनमेंट होती. मी तीनवर आणले आणि मला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

या विद्येचा एक मैलाचा दगड सप्टेंबर १९९९ मधला आहे. त्या महिन्यात अमेरिकेत ॲमेझॉनला एका क्लिकमध्ये खरेदी करण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. ते २०१७ पर्यंत चाललं. ॲपलसारख्या कंपनीनं २००० साली ही पद्धत वापरायला रीतसर परवाना घेतला, इतकी तिला किंमत होती. आणि पेटंट होतं कशाचं? मधली पानं गाळण्याचं. त्या पानांवर माणूस क्षणभर थांबत होता आणि थांबलेला माणूस कधीकधी परत फिरत होता. टोपलीत वस्तू टाकून पैसे न भरता निघून जाण्याला आमच्या पुस्तकांत कार्ट अबँडनमेंट म्हणतात. हा धडा रोगासारखा शिकवतात: लक्षणं, कारणं, उपाय. आमच्या घरी याला ‘विचार बदलला’ म्हणतात.

सगळंच अडणं चांगलं असतं असं मी म्हणत नाही. रॉकेलच्या आणि रेल्वे तिकिटाच्या रांगांत उभं राहिलेल्या पिढीला कुणी तसं सांगू नये. यूपीआय २०१६ च्या एप्रिलमध्ये सुरू झालं आणि ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात त्यावर २००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. त्यातले काही आमच्या गल्ल्यावरच्या स्पीकरनंही मोठ्यानं वाचले. त्या स्पीकरमुळं अण्णांची सुट्ट्या पैशांची कटकट संपली. सुटे नाहीत म्हणून गिऱ्हाइकाच्या हातावर चॉकलेट ठेवायची दुकानदारांची जुनी सवयही गेली, आमच्या दुकानातली धरून. न मागितलेला माल गळ्यात मारण्याचाच तो प्रकार होता, हे मी अण्णांना सांगितलंय आणि त्यांनी ते मान्य केलंय.

पैसे देण्यातली कटकट आणि पैसे द्यावेत की नाही हे ठरवायला लागणारा वेळ, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. तंत्रज्ञानानं पहिली काढून टाकली हे उत्तम झालं. त्याच झाडूनं दुसरीही झाडून नेली, तिथं माझी तक्रार आहे.

अण्णांच्या गल्ल्याशेजारी लाल कापडी पुठ्ठ्याची उधारीची वही असते. दोन वर्षांपूर्वी तुळशीचं लग्न झाल्यावर एका काकूंच्या मुलाचं लग्न निघालं. काकू लांबलचक यादी घेऊन आल्या, सगळं वहीवर. अण्णांनी कानावरची पेन्सिल काढली आणि एकेक ओळ वाचत गेले.

‘तेलाचे चार डबे कशाला, काकू? पानं किती धरलीत?’

‘तीनशे.’

‘मग दोन न्या. कमी पडला तर रात्री पोराला पाठवतो तिसरा घेऊन. उरलेला डबा काय तुम्ही परत आणून देणार नाही.’

काजू दोन किलोवरून एकावर आले. खोबऱ्याचं तसंच. काकूंची यादी पाच-सहा हजारांनी उतरली आणि दुकानदारानं स्वतःच्या हातानं स्वतःची विक्री कमी केली. मी तेव्हा बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला हा वेडेपणा वाटला होता.

आता वाटत नाही. अण्णा चांगले आहेत, पण हे त्यांनी चांगुलपणापोटी केलं नव्हतं. उधारी बुडाली तर त्यांची बुडते. विकणारा आणि उधार देणारा एकच माणूस असला की जास्त विकायचा लोभ आणि पैसे अडकायची भीती एकाच छातीत नांदतात, आणि विक्रीला आपोआप लगाम बसतो. गिऱ्हाइकानं न म्हटलेलं ‘बघू’ दुकानदार म्हणतो. मोबाइलवरच्या बाजारानं या दोघांना वेगळं केलं. विकणाऱ्याला त्याची रक्कम लगेच मिळते. उधारी देणारी बँक किंवा वित्तकंपनी निराळी, वसुलीचे फोन करणारे आणखी निराळे. तुमच्या पुढच्या महिन्याशी विकणाऱ्याला काही देणंघेणं उरत नाही. ‘आत्ता घ्या, पैसे नंतर द्या’ हे बटण त्याच्या लेखी विक्री वाढवायचं साधन आहे, आणि ते नेमकं अशा पानावर असतं जिथं घेणाऱ्याचं लक्ष वस्तूवर असतं, कर्जावर नसतं.

वहीचं गुणगान गाताना तिची दुसरी बाजू लपवणं बरं नव्हे. वही सगळ्यांसाठी उघडत नाही. परगावाहून आलेल्या, भाड्यानं राहणाऱ्या मजुराला ती मिळत नाही. बाईला बहुधा नवऱ्याच्या नावावर मिळते. कुणाची बाकी किती, हे चारचौघांत कळतं. ओळखीवर चालणारी उधारी ओळख नसलेल्याला बाहेरच उभं ठेवते, आणि आपल्या गावांत ओळख कशावरून ठरते हे मी सांगायला नको. बँकांनी आणि मोबाइलनं ही दारं उघडली, त्यांना त्याचं श्रेय द्यावंच लागेल. पण दार उघडताना पेन्सिल कानावर असलेला माणूस तिथून हटवला गेला आणि त्याच्या जागी कुणालाही उभं केलं नाही.

होस्टेलमधल्या माझ्या मैत्रिणीनं २४,००० रुपयांचा फोन सहा हप्त्यांत घेतला. नो कॉस्ट ईएमआय, महिना ४,०००, वर एक पैसा नाही, अशी तिची समजूत. पहिलं बिल आलं तेव्हा आम्ही दोघी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. बँक १५ टक्क्यांनी व्याज लावतच होती. सहा महिन्यांचं ते साधारण हजार रुपये होत होतं. तेवढ्याच रकमेची सूट फोनच्या किमतीत आधी दाखवलेली, म्हणून बेरीज २४,००० च येत होती. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी मात्र तिच्या माथी, म्हणजे १८० च्या आसपास. वर प्रक्रिया शुल्क, त्यावर पुन्हा जीएसटी. एकूण चारशेच्या घरात. रक्कम छोटी आहे. पण जी हजाराची सूट हप्तेवाल्याला व्याज झाकायला मिळाली ती रोखीनं घेणाऱ्याला दाखवलीच नव्हती, हे कळल्यावर ती गप्प झाली. रोख देऊ शकणाऱ्याला कर्जाकडं वळवायचं असेल तर याहून सोपा रस्ता नाही. रिझर्व्ह बँकेनं १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना सुनावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते आणि अशा योजनांत व्याज बहुधा प्रक्रिया शुल्काच्या आड लपवलेलं असतं. नाव बदलून तीच गोष्ट आज प्रत्येक फोनच्या किमतीखाली लिहिलेली असते.

वर्गात कुणी म्हणतं, हप्ता म्हणजे शाम्पूच्या पुडीचाच पुढचा अवतार: मोठी किंमत छोटी करून गरिबाच्या आवाक्यात आणणं. पुडीचा इतिहास मला प्रिय आहे, कारण आमच्या दुकानात त्या माळा लटकतात आणि त्यांच्यावर आमचं घर चाललंय. तमिळनाडूतल्या कडलूरचे चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू पुडीत भरला, १९८० च्या दशकात त्यांच्या मुलानं ‘चिक’ या नावाच्या शाम्पूच्या रूपानं तो खेडोपाडी नेला, आणि बाटली कधीच न परवडणाऱ्या बाईला सणाच्या दिवशी केस धुवायला शाम्पू मिळाला. मार्केटिंगनं माणसाचं भलं केलं त्याचं हे उदाहरण म्हणून मी कुठंही देईन. प्लॅस्टिकच्या कचऱ्याचा हिशेब वेगळा मांडावा लागेल, तो मी इथं मांडत नाही. पण पुडी आणि हप्ता ही भावंडं नव्हेत. पुडीत पैसेही छोटे आणि मालही छोटा. दिला, घेतला, संपलं. पुढच्या आठवड्यात परवडलं नाही तर बाई पुडी घेत नाही. हप्त्यात पैसे छोटे दिसतात, माल मोठा येतो आणि उरलेलं देणं घरात मुक्कामाला राहतं. पुढच्या महिन्यात ‘बघू’ म्हणायची सोय पुडीत होती. हप्त्यात ती पहिल्याच दिवशी विकून टाकलेली असते.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे: माणसं सज्ञान आहेत, नको असेल तर घेऊ नये, कुणी हात धरला नाही. मलाही हे उत्तर वर्षभर पुरलं होतं. मग मी स्वतः ते बटण लिहिलं आणि हात कसा धरतात ते आतून पाहिलं. एकाच पानाचे दोन नमुने हजारो लोकांना दाखवतात. कुठल्या रंगाला, कुठल्या शब्दाला जास्त लोक ‘हो’ म्हणतात ते मोजतात. जिंकलेला नमुना ठेवतात आणि पुन्हा नवा लावतात. समोर एकटी आई आहे, दुपारची, चष्मा लावून. तिला आपल्या मनाचं जेवढं माहीत आहे त्याहून जास्त त्या पानाला माहीत आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला आणि त्यांना नेमून जाहिराती दाखवायला मनाई आहे. म्हणजे अशी जाहिरात मनाचा ताबा घेऊ शकते हे संसदेनंही मान्य केलं. अठरावा वाढदिवस उलटला की ती ताबा घ्यायचं सोडते का? माझ्या वर्गातली सगळी मुलं त्या वाढदिवसाच्या जेमतेम चार-पाच वर्षं पुढं आहेत, आणि आमच्याइतकं आवडतं गिऱ्हाईक या बाजाराला दुसरं नाही.

घेण्याची वाट गुळगुळीत आणि सोडण्याची वाट काटेरी, हा याचा दुसरा भाग. आईचं सदस्यत्व रद्द करायला मला सात पानं ओलांडावी लागली. तिसऱ्या पानावर रडवेला चेहरा, पाचव्यावर सवलत, सहाव्यावर ‘हो’ आणि ‘नाही’च्या जागा उलट्या. हे फक्त आमच्या त्या कंपनीचं नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं जून २०२३ मध्ये ॲमेझॉनवर दावा लावला: लोकांना नकळत ‘प्राइम’ या पैसे भरून घ्यायच्या योजनेचं सदस्य करून घेता आणि बाहेर पडायची वाट मुद्दाम अवघड ठेवता. रद्द करण्याच्या त्या वाटेला कंपनीत आपापसांत ‘इलियड’ म्हणत, होमरच्या लांबलचक युद्धकाव्याचं नाव. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीनं चूक कबूल न करता अडीच अब्ज डॉलरवर तडजोड केली. त्यातले दीड अब्ज ग्राहकांना परत द्यायचे होते. ज्या कंपनीनं एका क्लिकचं पेटंट घेतलं तिच्याच घरात बाहेर पडायच्या रस्त्याला महाकाव्याचं नाव होतं. मला या विषयात एवढी एक जोडी पुरेशी वाटते.

आपल्याकडं नियम नाहीत असं नाही. जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी आधीच टिचकी मारून ठेवलेल्या चौकटीला संमती मानायला बंदी केली. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा तेरा फसव्या रचना, म्हणजे डार्क पॅटर्न, नावानिशी बेकायदा ठरवल्या. खोटी घाई करायची, टोपलीत न मागितलेली वस्तू सरकवायची, शेवटच्या पानावर किंमत वाढवायची, सदस्यत्वाचा सापळा लावायचा, आणि नकार देणाऱ्याला लाजवायचं. शेवटच्याला कन्फर्म शेमिंग म्हणतात. माझं वाक्य तंतोतंत त्यात बसतं. मी ते लिहिलं तेव्हा हे नियम येऊन दीड वर्ष झालं होतं. ऑफिसात त्यांचं नाव कुणी काढलं नाही. मीही काढलं नाही, कारण मला ते माहीतच नव्हते. रूपांतर दर, म्हणजे पान बघणाऱ्यांपैकी किती जण खरेदी करतात ते प्रमाण, कसा वाढवायचा यावर आम्हाला अख्खा पेपर आहे, पण हे तेरा प्रकार अभ्यासक्रमात नाहीत. त्याच जूनमध्ये प्राधिकरणानं कंपन्यांना सांगितलं की तीन महिन्यांत आपापली तपासणी करा. पेपर लिहिणाऱ्यानंच पेपर तपासायचा, अशी ही पद्धत आहे. कुठल्याही विद्यापीठात ती चालणार नाही.

थांबायला लावलं तर धंदा बसेल, ही भीती खोटी आहे आणि ती खोटी असल्याचा पुरावा आपल्याच देशात आहे. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २००९ पासून कार्डावरच्या ऑनलाइन व्यवहाराला दुसऱ्या पडताळणीची सक्ती केली. त्यातून ओटीपी घराघरांत पोचला. जगात फार थोड्या ठिकाणी इतकं कडक होतं. आमच्या पुस्तकाच्या भाषेत हे तर भलंमोठं फ्रिक्शन. भारतातली ऑनलाइन खरेदी फोफावली ती त्यानंतर, त्या ओटीपीसकट. लोकांचा विश्वास बसायला त्या अर्ध्या मिनिटानं मदतच केली असणार. १ ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना किमान २४ तास आधी द्यावी लागते, आणि ती थांबवायची सोय द्यावी लागते. आयुर्विम्याची किंवा आरोग्यविम्याची पॉलिसी हातात पडल्यावर ३० दिवसांत परत करता येते. मोबाइलवरून घेतलेलं कर्जही दंडाशिवाय परत करायला किमान एक दिवसाची मुभा द्यावी लागते. म्हणजे ‘बघू’ हा शब्द कायद्याला अनोळखी नाही. तो विम्यात आहे, कर्जात आहे, आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्यात आहे. खरेदीच्या पानावर तो का नसावा?

युरोपीय संघात घरबसल्या केलेली बहुतेक खरेदी चौदा दिवसांत कारण न देता परत करता येते, हे २०१४ पासून. जर्मनीनं जुलै २०२२ पासून वेबसाइटवर सदस्यत्व घेता येत असेल तर ते रद्द करायचं बटणही तिथंच, ठळक, असलं पाहिजे अशी सक्ती केली. आपल्याकडं याहून एक पाऊल पुढं जाता येईल. जितक्या टिचक्यांत आत घेता तितक्याच टिचक्यांत बाहेर सोडा. ‘हो’ आणि ‘नको’ एकाच आकाराचे, एकाच रंगाचे, आणि ‘नको’च्या पुढं एकही शब्द नाही. कर्ज त्या पानावर विकायचंच नाही. ज्याला हवं त्यानं ते वेगळं मागावं, आणि वस्तू घेताना तिची रोखीची किंमत व हप्त्याची एकूण किंमत शेजारी शेजारी दिसावी. तपासणी कंपनीनं स्वतः करू नये, बाहेरच्यांनी करावी, आणि मराठी, कन्नड, ओडिया पानं वेगळी तपासावीत. इंग्रजीतलं पान स्वच्छ ठेवून मराठीत लाजवणं सहज शक्य आहे. मी ते केलंय.

आणि हे सगळं बाहेरून शिकावं लागेल असंही नाही. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारची कुटुंबं मिळून संघ करतात, लागणाऱ्या मालाची मागणी आधी नोंदवतात, माल एकगठ्ठा येतो आणि वाटप सभासदच करतात. त्यातला स्वस्ताईचा भाग सगळे सांगतात. मला त्यातली यादी मोलाची वाटते. वस्तू समोर नसताना, स्वयंपाकघरातले डबे उघडून बघून, घरातल्या चौघांना विचारून केलेला विचार म्हणजे यादी. मोबाइलवरच्या बाजारात सगळं आहे, फक्त यादीआधीची ती संध्याकाळ नाही. एखादं ॲप ती संध्याकाळ परत देऊ शकेल: आज टोपलीत टाका, उद्या सकाळी आम्ही विचारू, तेव्हाही हवं असेल तर पाठवू. मी अशा कंपनीत कमी पगारावर काम करेन. तंत्रज्ञान त्याला आडवं येत नाही.

डिसेंबरमध्ये आमच्या कॉलेजात कॅम्पस मुलाखती झाल्या. ‘एखादा प्रकल्प सांग ज्यात तू विक्री वाढवलीस,’ असं विचारलं तेव्हा मी ते हिरवं बटण सांगितलं, करडी ओळ सांगितली आणि आईनं काय केलं तेही सांगितलं. समोरच्या दोघांपैकी एकानं वहीत काहीतरी लिहिलं. निवड झाली नाही. का झाली नाही ते मला कळायला मार्ग नाही, आणि ते याच कारणानं झालं असं मी म्हणणार नाही.

त्याच आठवड्यात मी जिथं इंटर्नशिप केली तिथल्या वरिष्ठांना मेल पाठवला. ३० नोव्हेंबर २०२३ च्या नियमांची प्रत जोडली. लिहिलं की ते वाक्य माझं आहे, ते चुकीचं आहे, त्याजागी मी पहिल्यांदा दिलेले दोनच शब्द ठेवा: ‘आत्ता नको’. उत्तर अजून आलेलं नाही. आईनं ते ॲप काढलेलं नाही, मीच तिला काढू दिलं नाही. रविवारी फोन झाला की ती आधी दुकानाचं सांगते, मग ते पान उघडते आणि करडी ओळ मला वाचून दाखवते.